पदवी परदेशाची, परीक्षा मायदेशाची

परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन भारतात परतलेल्या विद्यार्थ्याला इथे लगेच दवाखाना थाटता येत नाही, आणि एमडी-एमएसच्या प्रवेशाच्या रांगेतही उभे राहता येत नाही. आधी परदेशी पदवीधरांसाठीची चाळणी परीक्षा, मग राज्याच्या वैद्यक परिषदेची तात्पुरती नोंदणी, त्यावर बारा महिन्यांची इंटर्नशिप, मग कायमची नोंदणी आणि शेवटी नीट-पीजी, असा हा क्रम आहे. या वाटेवर यातली एकही पायरी गाळता येत नाही. कुठल्या पायरीवर कोण अडकणार हे मात्र बऱ्याचदा परतल्यावर ठरत नाही. अठराव्या वर्षी कोणता देश आणि कोणते विद्यापीठ निवडले, तिथेच ते ठरून गेलेले असते.

महाराष्ट्राला परदेशी शिकून परतलेले डॉक्टर नवे नाहीत. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेतली. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली, पण क्षयाने खंगून परतलेल्या आनंदीबाई फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात वारल्या आणि ते काम हाती घेणे राहूनच गेले. रखमाबाई लंडनहून शिकून आल्या आणि सुरत, राजकोट इथे त्यांनी अनेक वर्षे रुग्णसेवा केली. नंतरच्या पिढ्यांनी एमबीबीएस मुंबई-पुण्यात केले आणि एमआरसीपी, एफआरसीएससाठी विलायत गाठली. परतल्यावर मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत ते ‘ऑनररी’ म्हणून रुजू होत. पाया इथला आणि कळस तिकडचा, असा तो प्रकार होता. आता दिशा उलटली आहे. पहिली पदवी रशिया, किर्गिझस्तान, कझाकस्तान, जॉर्जिया, चीन, फिलिपिन्स, बांगलादेश किंवा नेपाळमधली, आणि रेसिडेन्सी मात्र मायदेशात हवी.

यामागचा हिशेब सरळ आहे. २०२४ च्या नीटला २३ लाखांहून अधिक मुले बसली. देशातल्या एमबीबीएसच्या जागा तेव्हा लाखाच्या थोड्या पुढे, आणि त्यातल्या सरकारी फीच्या साधारण निम्म्या. खासगी आणि अभिमत महाविद्यालयांचा पाच वर्षांचा खर्च मध्यमवर्गीय घराच्या आवाक्याबाहेर जातो. अभिमत विद्यापीठात तो कोटीच्या घरात पोहोचू शकतो. मध्य आशियातल्या अनेक विद्यापीठांत सहा वर्षांचे शिक्षण राहण्या-जेवणासह त्याच्या निम्म्याहूनही कमी पैशांत होते. गुणांची अट तर अगदीच सोपी. परदेशी जायला नीटमध्ये पात्र ठरलेले असणे पुरते. २०२५ मध्ये खुल्या गटासाठी पात्रतेची रेघ ७२० पैकी १४४ गुणांवर होती, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात खुल्या गटातली सरकारी जागा मिळवायला त्याच्या तिपटीहून अधिक गुण लागत होते. या दोन आकड्यांमधल्या मोकळ्या मैदानातच प्रवेश मिळवून देणाऱ्या एजंटांचा धंदा चालतो. बारावीचा निकाल लागला की जिल्ह्याच्या गावांतसुद्धा हॉटेलचा हॉल घेऊन त्यांचे ‘सेमिनार’ भरतात. तिथे वसतिगृहातल्या भारतीय मेसची माहिती तपशीलवार मिळते. परतीच्या नियमांची मात्र क्वचितच.

पूर्वी हे नियम सैल होते. सोव्हिएत काळात मॉस्को, लेनिनग्राडला जाऊन डॉक्टर झालेल्यांना परतल्यावर वेगळी परीक्षा नव्हती. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथल्या विद्यापीठांना परकीय चलन हवे होते. विद्यार्थ्यांची संख्या वाढली, दर्जाबद्दल शंका येऊ लागल्या, आणि संसदेने भारतीय वैद्यक परिषदेच्या कायद्यात दुरुस्ती केली. १५ मार्च २००२ नंतर नोंदणी मागणाऱ्या परदेशी पदवीधराला चाळणी परीक्षा सक्तीची झाली. एफएमजीई म्हणतात ती हीच. २०१८ पासून बाहेर जाण्याआधी नीट पात्रताही आली. तोवर बारावीला जीवशास्त्र आणि पुरेसे गुण एवढ्यावर विमानात बसता येत असे.

खरा बदल झाला १८ नोव्हेंबर २०२१ ला. परिषदेची जागा घेतलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने त्या दिवशी परदेशी पदवीधरांच्या परवान्याचे नवे नियम राजपत्रात आणले. त्यानंतर प्रवेश घेणाऱ्यांसाठी अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा. शिवाय बारा महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत हवी आणि माध्यम इंग्रजी हवे. सगळे शिक्षण एकाच संस्थेत झालेले हवे. त्या देशात तिथल्या नागरिकाला त्या पदवीवर ज्या अटींवर डॉक्टरी करता येते, तशी ती करण्याची पात्रता या विद्यार्थ्याकडेही हवी. आणि सगळे मिळून दहा वर्षांत आटोपायला हवे.

कागदावर हे वाजवी वाटते, पण प्रत्येक अट कुठल्या ना कुठल्या देशात बोचते. फिलिपिन्समध्ये आधी विज्ञानाची पदवी आणि मग चार वर्षांची ‘एमडी’ अशी रचना आहे. चार वर्षे म्हणजे ४८ महिने. दोन भाग जोडून वर्षे भरत असली तरी आयोग मोजतो ती वैद्यकीय पदवी, आणि ती सहा महिन्यांनी कमी भरते. नागरिकांइतक्या पात्रतेची अट त्याहून अवघड. ज्या देशात डॉक्टरीची परवाना परीक्षा स्थानिक भाषेतच होते, तिथे इंग्रजी तुकडीत शिकलेल्या भारतीय मुलाला ती देणे जड जाते. काही विद्यापीठे परदेशी मुलांसाठी वेगळा, आटोपशीर अभ्यासक्रम चालवतात. स्थानिक मुले सहा वर्षे शिकणार आणि बाहेरची पाच, अशी सोय आयोगाला मान्य नाही. यातले काहीही माहितीपत्रकात ठळक छापलेले नसते. निदान एवढे तरी पालकांनी लेखी मागून घ्यावे: वैद्यकीय पदवीचे महिने किती, इंटर्नशिप कुठे, आणि तिथला परवाना मिळतो का.

शिक्षणाचा प्रत्यक्ष कस मात्र नियमात सापडत नाही, तो वॉर्डात कळतो. पहिली दोन-अडीच वर्षे शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन हे विषय जगभर साधारण सारखेच शिकवले जातात, आणि इंग्रजी पुस्तकांवर ते निभावते. तिसऱ्या वर्षापासून गाठ पडते रुग्णाशी. रशियातल्या रुग्णालयात खाटेवरची आजी रशियनमध्ये बोलते, बिश्केकमधली किर्गिझ किंवा रशियनमध्ये. पाठ्यक्रमात रशियन भाषेचे तास असतात, पण ‘दुखतंय कुठे, कधीपासून, उलटी झाली का’ इतके विचारता येणे वेगळे आणि आजीने दिलेले लांबलचक, वळणावळणाचे उत्तर समजणे वेगळे. मग प्राध्यापक प्रश्न विचारतात, उत्तराचे दोन इंग्रजी वाक्यांत सार सांगतात, आणि खाटेभोवतीची दहा-बारा मुले ते वहीत उतरवतात. पोट चाचपून यकृत हाताला लागते का हे पाहायची पाळी एखाद-दुसऱ्यालाच मिळते. केस घेणे, म्हणजे रुग्णाशी बोलत बोलत निदानापर्यंत पोहोचणे, ही वैद्यकाची मूळ सवय या मुलांच्या अंगी पुरेशी मुरत नाही. यात मुलांचा आळस असतोच असे नाही. भाषेवर नेटाने मेहनत घेऊन रात्रीच्या ड्युट्या मागून घेणारी मुलेही असतात, आणि पुढे त्यांचा फरक लगेच दिसतो.

दुसरी उणीव आजारांची. थंड प्रदेशातल्या वॉर्डात हृदयविकार, पक्षाघात, दारूने खराब झालेले यकृत भरपूर पाहायला मिळते. घोणस चावलेला शेतकरी, कीटकनाशक प्यालेली तरुण मुलगी, डेंग्यूने प्लेटलेट्स उतरलेला पोरगा तिथे येत नाही. कोकणातला विंचूदंश आणि त्यावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रूढ केलेले प्राझोसिन हे भारतीय विद्यार्थ्याला ठाऊक असलेच पाहिजे. कझाकस्तानच्या प्राध्यापकाने ते शिकवावे अशी अपेक्षा करता येत नाही.

ही सगळी तफावत एफएमजीईत उघडी पडते. परीक्षा राष्ट्रीय परीक्षा मंडळ वर्षातून दोनदा घेते. एकाच दिवशी दोन भाग, प्रत्येकी १५० प्रश्न आणि प्रत्येकी अडीच तास. एकूण ३०० गुणांपैकी १५० मिळवले की उत्तीर्ण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, गुणवत्ता यादी लागत नाही, स्पर्धा कोणाशीच नाही. तरीही गेल्या काही वर्षांत निकाल बहुतेक वेळा शंभरात दहा ते तीस यांच्या दरम्यानच राहिला आहे. ३०० पैकी १०० प्रश्न पायाभूत विषयांचे आणि २०० रुग्णोपचाराच्या विषयांचे असतात. त्यात एकट्या पीएसएमचे, म्हणजे सार्वजनिक आरोग्य आणि प्रतिबंधक वैद्यकाचे, ३०. भारतातले लसीकरणाचे वेळापत्रक, राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमातली औषधयोजना, आशा कार्यकर्तीने कोणती नोंद ठेवायची, उपकेंद्र किती लोकसंख्येला असते, असे हे प्रश्न. भारतात शिकणारा विद्यार्थी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हे बघून आलेला असतो. बाहेरून आलेल्याला ते सगळे कोचिंग क्लासच्या नोट्समधून पाठ करावे लागते. म्हणूनच दिल्लीपासून केरळपर्यंत एफएमजीईच्या शिकवण्या चालतात, आणि घरच्यांनी सहा वर्षांत संपेल म्हणून धरलेल्या खर्चात आणखी एक-दोन वर्षांची भर पडते. निकाल कमी लागतो म्हणून ही मुले मुळातच कच्ची, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण अर्धवटच खरा. इथल्या एमबीबीएसच्या मुलांना अशी परीक्षा द्यावीच लागत नाही, त्यामुळे तुलनेला दुसरी बाजूच नाही.

गेल्या दशकात या पिढीला अनपेक्षित तडाखेही बसले. २०२० च्या सुरुवातीला चीनने सीमा बंद केल्या, त्या भारतीय विद्यार्थ्यांसाठी २०२२ च्या उत्तरार्धात हळूहळू उघडल्या. मधल्या काळात शरीरविच्छेदनापासून शस्त्रक्रियेपर्यंत सगळे मोबाइलच्या पडद्यावर शिकवले गेले. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा तिथे अठरा-वीस हजार भारतीय विद्यार्थी होते, त्यातले बहुतेक वैद्यकीयचे. सरकारने ‘ऑपरेशन गंगा’ राबवून त्यांना पोलंड, रुमानिया, हंगेरी, स्लोव्हाकियामार्गे परत आणले. खार्किवमध्ये कर्नाटकातल्या एका विद्यार्थ्याचा मात्र मृत्यू झाला. परतलेल्यांना भारतीय महाविद्यालयांत सामावून घेण्याची मागणी मान्य झाली नाही. आयोगाने दिलेली सवलत वेगळी होती: युक्रेनी विद्यापीठाची पदवी कायम ठेवून उरलेले शिक्षण दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात पुरे करायला परवानगी. शेवटच्या वर्षाला असलेल्या ज्यांना ३० जून २०२२ पर्यंत पदवी मिळाली, त्यांना एफएमजीई देता आली, पण भारतात एकाऐवजी दोन वर्षे इंटर्नशिप करण्याच्या अटीवर. रुग्णाला हात न लावता डॉक्टर झालेल्याला थेट परवाना देऊ नये, हा आयोगाचा मुद्दा योग्यच होता. पण युद्ध आणि साथीची किंमत वसूल झाली ती मुलांच्या वयातून.

चाळणी पार पडल्यावर येते भारतातली इंटर्नशिप. उत्तीर्ण विद्यार्थी राज्याच्या वैद्यक परिषदेकडे जातो, महाराष्ट्रात महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे. पदवी, गुणपत्रके, भारतीय दूतावासाची किंवा अपोस्टिलची मोहोर, पारपत्रावरच्या ये-जा नोंदी असे सगळे तपासून तात्पुरती नोंदणी मिळते. पारपत्र बघतात ते उगीच नाही. अभ्यासक्रमाच्या काळात विद्यार्थी खरोखर त्या देशात होता का, हे त्यातून कळते. त्यानंतर इंटर्नशिपची जागा. महाविद्यालयाच्या जागांच्या ७.५ टक्के जागा परदेशी पदवीधरांसाठी, असे प्रमाण आयोगाने ठरवले. परतणाऱ्यांची संख्या वाढली तेव्हा ते अपुरे पडले आणि अनेक राज्यांत परीक्षा पास झालेली मुले महिनोन्महिने जागेची वाट पाहत राहिली. काही ठिकाणी त्यांच्याकडून इंटर्नशिपसाठी उलट पैसे मागितले गेले. अशी फी घेऊ नये आणि इथल्या इंटर्नइतकेच विद्यावेतन यांनाही द्यावे, असे आयोगाला परिपत्रके काढून सांगावे लागले.

या वर्षभरात मुलांचा खरा कायापालट होतो, असे वॉर्डातल्या परिचारिकाही सांगू शकतील. पहिल्या आठवड्यात जांभळ्या टोपणाची ईडीटीए बल्ब आणि लाल टोपणाची प्लेन बल्ब यांची अदलाबदल होते, आणि प्रयोगशाळेतून नमुना परत येतो. सुकलेल्या म्हाताऱ्या हातावर शीर सापडत नाही. कॅज्युअल्टीत विषबाधेचा रुग्ण येतो, नाकातून नळी घालून पोट धुतले जाते, अॅट्रोपिनचे इंजेक्शन देत बाहुल्या आणि नाडी बघत बसायचे असते. पुस्तकातला हा परिच्छेद पाठ असतो, हात मात्र थरथरतात. पण एक गोष्ट एकदम सोपी झालेली असते. सातारा किंवा हिंगोलीहून आलेली बाई ‘काळजात कळ येती’ म्हणाली की ते छातीचे दुखणे आहे हे या इंटर्नला दुभाष्याशिवाय कळते. सहा वर्षांत जे जमले नाही ते केस घेणे इथे दोन-तीन महिन्यांत जमायला लागते.

मग नीट-पीजी. इथे मात्र परदेशी आणि देशी असा भेद उरत नाही; एकच प्रश्नपत्रिका, एकच यादी. दोनशे प्रश्न, साडेतीन तास, बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकले की एक गुण वजा. एफएमजीईत निम्मे गुण मिळवणे पुरत होते. इथे सारा खेळ क्रमांकाचा, आणि मेडिसिन, रेडिओलॉजी, त्वचारोगासारख्या विषयांसाठी फार वरचा क्रमांक लागतो. चाळणीपुरता अभ्यास करून आलेल्याची इथे दमछाक होते. त्यात तारखांचा घोळ आहे. पीजीच्या परीक्षेला बसायचे तर ठरलेल्या दिवसापर्यंत इंटर्नशिप संपलेली लागते. २०२५ मध्ये परीक्षा ३ ऑगस्टला झाली आणि ही मुदत ३१ जुलै होती. भारतीय महाविद्यालयातल्या तुकड्यांच्या तारखा या वेळापत्रकाला जुळणाऱ्या असतात. एफएमजीईचे डिसेंबर २०२४ चे सत्र मात्र प्रत्यक्षात १२ जानेवारी २०२५ ला झाले. निकाल, नोंदणी, जागावाटप यांत आणखी काही आठवडे गेले की इंटर्नशिप उशिरा सुरू होते, आणि दुसऱ्या सत्रातून आलेल्याचे तर ती मुदत थोडक्यात हुकून अख्खे वर्ष जाऊ शकते.

प्रवेशात निम्म्या सरकारी जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि उरलेल्या राज्याकडून भरल्या जातात. २९ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशात रहिवासावर आधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवले. त्याच संस्थेत एमबीबीएस केलेल्यांना काही प्रमाणात प्राधान्य देणे मात्र चालेल, असे सांगितले. बाहेरून पदवी घेतलेल्याला अशी ‘आपली’ संस्था नसते. तेव्हा राज्याच्या प्रवेशप्रक्रियेची त्या-त्या वर्षाची माहितीपुस्तिका त्याने ओळन् ओळ वाचायला हवी. वैद्यकीय महाविद्यालयांतल्या एमडी-एमएसखेरीज राष्ट्रीय परीक्षा मंडळाचे तीन वर्षांचे डीएनबी आणि दोन वर्षांचे पदविका अभ्यासक्रमही याच गुणांवर मिळतात. ते मोठ्या खासगी, धर्मादाय आणि जिल्हा रुग्णालयांत चालतात, आणि परदेशातून आलेल्या अनेकांसाठी तोच हाताशी असलेला रस्ता ठरतो.

रेसिडेन्सी सुरू झाली की पदवी कुठली हा प्रश्न वॉर्डात फार दिवस टिकत नाही. पहिल्या वर्षाच्या रेसिडेन्टच्या वाट्याला तेच सगळे येते: पहाटेचे नमुने, युनिटचा राउंड, इमर्जन्सीच्या दिवशी न संपणारी भरती, मध्यरात्रीचा ट्रॉलीवरचा रुग्ण, डिस्चार्ज कार्डे, आणि मधूनच थीसिसचा विषय ठरला का म्हणून सरांची विचारणा. कामाचे तास मर्यादित असावेत असे नियम सांगतात. प्रत्यक्षात ते कसे असतात यावर महाराष्ट्रात निवासी डॉक्टरांच्या ‘मार्ड’ या संघटनेने अनेकदा संप केले आहेत. तीन वर्षांत तीन महिने जिल्हा रुग्णालयातही काढावे लागतात. बारावीनंतर सहा वर्षे बाहेर, वर्ष-दीड वर्ष चाळणीत, वर्षभर इंटर्नशिप, पीजीच्या तयारीचे वर्ष आणि मग ही तीन वर्षे धरली, तर तज्ज्ञ म्हणून पाटी लागेपर्यंत तिशी उलटते.

एक बाजूची वाटही आहे. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंड या पाच देशांत पदव्युत्तर वैद्यकीय पात्रता मिळवून तिथे डॉक्टरी करण्यास पात्र ठरलेल्या भारतीय नागरिकाला परतल्यावर चाळणी परीक्षेतून सूट देण्याची तरतूद आहे. म्हणून काही जण किर्गिझस्तान किंवा जॉर्जियातून थेट भारतात न येता अमेरिकेच्या यूएसएमएलई किंवा ब्रिटनच्या प्लॅब या परवाना परीक्षांच्या तयारीला लागतात. त्यातले किती परततात हा वेगळा विषय.

२०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याने ‘नेक्स्ट’ नावाची एकच परीक्षा ठरवली आहे. भारतीय विद्यार्थ्याची अंतिम वर्षाची परीक्षा, परदेशी पदवीधराची चाळणी आणि पीजीचा प्रवेश, तिन्ही त्यातच. ती आली तर देशी आणि परदेशी पदवीधर पहिल्यांदा एकाच मापाने मोजले जातील, आणि एफएमजीईच्या निकालावरून चालणाऱ्या वादाला निदान तुलनेचा आधार मिळेल. तिची सराव परीक्षा २०२३ च्या जुलैत घ्यायचे ठरले होते, ती रद्द झाली आणि मूळ परीक्षाही पुढे ढकलली गेली. तोवर जुनीच व्यवस्था चालू आहे: आधी चाळणी, मग पीजी.